शिबं, कोंडा आणि त्वचेचा कॅन्सर: यीस्टचा दोष किती, शरीराच्या उत्तराचा किती?

ठाण्यात किंवा नवी मुंबईत वाढलेल्या माणसाला शिबं म्हणजे काय हे वेगळं सांगावं लागत नाही. एप्रिल संपता संपता हवा जड होते, लोकलच्या गर्दीत शर्ट पाठीला चिकटतो आणि मानेवर, छातीवर, खांद्यांवर फिकट किंवा तपकिरी डाग उमटू लागतात. पावसाळ्यात कपडे धड वाळत नाहीत तेव्हा ते आणखी पसरतात. मलम लावलं की जातात, पुढच्या उन्हाळ्यात परत येतात. हे डाग उठवणारा आणि डोक्यातला कोंडा वाढवणारा जीव एकाच कुळातला आहे. त्याचं नाव मॅलसेझिया. ही एक यीस्ट, म्हणजे एका पेशीची बुरशी.

गेल्या काही वर्षांत या यीस्टचं नाव कॅन्सरच्या संशोधनात येऊ लागलं आहे. 'त्वचेवरच्या बुरशीमुळे कॅन्सर?' असा मथळा वाचला की पोटात गोळा येतो, कारण ही यीस्ट जवळपास प्रत्येकाच्या अंगावर असते. म्हणून माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगतो. शिबं झाली किंवा कोंडा झाला म्हणून कॅन्सर होत नाही. पण यीस्टला शरीर जे उत्तर देतं, ते वर्षानुवर्षं थांबलंच नाही आणि त्याच जागी उन्हाने आधी बिघडवलेल्या पेशी असल्या, तर त्या पेशींना वाढायला मदत मिळू शकते. संशोधकांचा संशय या न थांबणाऱ्या उत्तरावर आहे. तो कशावर उभा आहे आणि कुठे लंगडा पडतो, ते सावकाश बघू.

आधी यीस्टची ओळख. लुई-शार्ल मालासे या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात कोंड्यात या पेशी पाहिल्या आणि १८८९ मध्ये त्याच्याच नावावरून या कुळाचं नामकरण झालं. हिची एक खोड हिचं सगळं वागणं ठरवते: हिला स्वतःची चरबी तयार करता येत नाही. चरबीयुक्त आम्लं बनवणारं जनुक हिच्याकडे उरलेलंच नाही. २००७ मध्ये मॅलसेझिया ग्लोबोसा या प्रजातीचा संपूर्ण जनुकसंच वाचला गेला. तो जेमतेम ९० लाख अक्षरांचा निघाला, बुरशींमध्ये फारच लहान. मात्र चरबी तोडणाऱ्या एन्झाइम्सची जनुकं त्यात भरपूर आहेत. म्हणजे ही यीस्ट पूर्णपणे आपल्या त्वचेच्या तेलावर जगते. म्हणून ती टाळूवर, नाकाच्या कडांना, कानांमागे, छातीवर आणि पाठीवर जास्त सापडते. वयात येताना तैलग्रंथी जोरात कामाला लागतात, तेव्हा हिचीही संख्या वाढते.

तेल तोडताना ती स्वतःला हवी ती आम्लं घेते आणि ओलेइक आम्लासारखी मागे सोडते. काहींच्या टाळूला हे ओलेइक आम्ल सोसत नाही. खाज सुटते, पापुद्रे निघतात, त्यालाच आपण कोंडा म्हणतो. शिब्यांची गोष्ट जराशी वेगळी आहे. तिथे यीस्ट गोल रूप सोडून तंतूंच्या रूपात वाढते आणि तिने तयार केलेली काही रसायनं त्वचेचा रंग बनवण्याच्या कामात अडथळा आणतात. म्हणून डाग फिकट दिसतात आणि घरचे कोड समजून घाबरतात. कोडाशी त्याचा काही संबंध नाही. मलमाने यीस्ट मेली तरी रंग परत यायला काही महिने लागतात. हे माहीत नसल्यामुळे माणसं बरं झालेल्या जागेवरही महिनोन्महिने औषध चोळत बसतात.

या यीस्टला सरसकट शत्रू ठरवणं चूक आहे. तिचं एक एन्झाइम स्टॅफिलोकॉकस ऑरियस या त्रासदायक जीवाणूला त्वचेवर थर धरू देत नाही, असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. ती अतिनील किरण शोषणारं एक रसायनही बनवते. आपली आणि तिची सोबत फार जुनी आहे, आणि बहुतेक दिवस ती शांततेत चालते.

ही शांतता आपोआप टिकत नाही, शरीर ती टिकवून धरतं. त्वचेतल्या प्रतिकारपेशींवर बुरशी ओळखणारी ग्राहकं (रिसेप्टर), म्हणजे खूण पटवून निरोप पोचवणारी प्रथिनं असतात. त्यातलं मिंकल नावाचं ग्राहक मॅलसेझियाला ओळखतं, हे जपानी संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं. ओळख पटली की आतल्या पेशींना निरोप जातो आणि काही टी पेशी (प्रतिकारपेशींचाच एक प्रकार) आयएल-१७ नावाचं प्रथिन सोडू लागतात. या लेखातलं एकच नाव लक्षात ठेवायचं असेल, तर हे ठेवा.

आयएल-१७ त्वचेच्या पेशींना तीन कामं सांगतं. सूक्ष्मजीव मारणारी छोटी प्रथिनं तयार करा, रक्तातल्या न्यूट्रोफिल पेशींना बोलावून घ्या, आणि पटापट विभाजन करून वरचा थर भरून काढा. तिन्ही कामं गरजेची आहेत. खरचटलेली जागा भरून येते त्यात या तिसऱ्या कामाचा मोठा वाटा असतो.

२०१९ मध्ये झुरिचच्या एका गटाने उंदरांच्या त्वचेवर मॅलसेझिया लावून पाहिली. त्वचा धडधाकट असताना आयएल-१७ तयार झालं आणि यीस्ट आटोक्यात राहिली. ज्या उंदरांमध्ये हा मार्ग बंद केला होता, त्यांच्या त्वचेवर ती बेसुमार वाढली. मग संशोधकांनी त्वचेचा संरक्षक थर आधी खराब केला आणि प्रयोग पुन्हा केला. आता त्याच आयएल-१७ मुळे त्वचा लाल झाली, सुजली, जाड झाली. यीस्ट तीच, प्रथिनही तेच. बदलली होती ती फक्त त्वचेची अवस्था. मला या सगळ्या विषयातला हा सर्वांत महत्त्वाचा प्रयोग वाटतो, कारण यीस्ट चांगली की वाईट या वादातून तो आपल्याला बाहेर काढतो.

मग कॅन्सर कुठून आला?

त्वचेच्या कॅन्सरचं मुख्य कारण ऊन आहे, यात शंका नाही. सूर्यातले अतिनील किरण पेशीतल्या डीएनएवर ठरावीक प्रकारचे ओरखडे काढतात. बरेचसे दुरुस्त होतात, काही राहून जातात. किती राहतात? २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी चार माणसांच्या पापण्यांची, वरून अगदी निरोगी दिसणारी त्वचा तपासली. तिथल्या साधारण चौथ्या हिश्श्याहून जास्त पेशींमध्ये कॅन्सरकडे नेऊ शकणारे बदल आधीच होते. तरीही ती त्वचा तिचं काम नीट करत होती. बदललेली पेशी असणं आणि कॅन्सर होणं यात फार मोठं अंतर आहे, हे यावरून कळतं.

हे अंतर कशाने कमी होतं, याचा शोध १९४० च्या दशकापासून चालू आहे. आयझॅक बेरेनब्लम आणि फिलिप शुबिक यांनी उंदरांच्या पाठीवर डीएनए बिघडवणारं रसायन अगदी थोडं, एकदाच लावलं. गाठी जवळपास आल्याच नाहीत. मग त्याच जागी त्यांनी क्रोटन तेल पुन्हा पुन्हा लावलं. या तेलाने दाह होतो, डीएनए बिघडत नाही. आता गाठी आल्या. नुसतं तेल लावलेल्या उंदरांना मात्र फारसं काही झालं नाही. पनवेलकडच्या भातखाचरांत तणाचं बी उन्हाळाभर मातीत पडून असतं आणि पाऊस लागला की तरारून वर येतं, तसंच हे. ऊन बी टाकतं, दाह पावसाचं काम करतो. पाऊस काही बी तयार करत नाही, आणि पावसाशिवाय बी बहुधा पडूनच राहतं.

आयएल-१७ इथे पुन्हा भेटतं. अशाच दोन टप्प्यांच्या प्रयोगांत ज्या उंदरांमध्ये आयएल-१७ किंवा त्याचं ग्राहक काढून टाकलं होतं, त्यांना कमी गाठी आल्या. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एका गटाने त्यामागची एक साखळीही उलगडली. केसांच्या मुळांजवळच्या मूळपेशींमध्ये आयएल-१७ चं ग्राहक वाढीच्या ग्राहकाला जोडून घेतं आणि पेशींना विभाजनाचा जोरदार इशारा देतं. जखम भरताना हाच इशारा उपयोगी पडतो. पेशी आधीच बिघडलेली असली, तर तोच गाठ वाढवतो.

आता दोन टोकं जोडून पाहा. मॅलसेझिया आयएल-१७ जागवते. संरक्षक थर बिघडलेला असला तर ते जास्त काळ जागं राहतं. जागं राहिलेलं आयएल-१७ बिघडलेल्या पेशींना वाढायला सांगू शकतं. या साखळीची प्रत्येक कडी स्वतंत्रपणे, बहुतांशी उंदरांमध्ये, दिसली आहे. माणसाच्या त्वचेत ती सलग सिद्ध झाली आहे असं कुणी म्हणत असेल, तर ते पुराव्यापुढे धावतंय.

न थांबणाऱ्या दाहातून त्वचेचा कॅन्सर होतो, ही गोष्ट मात्र नवी नाही, आणि तिचे काही ठळक पुरावे भारतातूनच आले आहेत. काश्मीरमध्ये थंडीत फिरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात. वर्षानुवर्षं शेकून पोटावर आणि मांड्यांवर होणारा कांगडी कॅन्सर प्रसिद्ध आहे. जुन्या भाजल्याच्या व्रणातून होणाऱ्या कॅन्सरला फ्रेंच शल्यविशारद मार्जोलँ यांचं नाव आहे. त्यांनी अशा व्रणांचं वर्णन १८२८ मध्ये केलं होतं. आणि परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात काम करणाऱ्या डॉ. वसंत खानोलकरांनी सूर्याबाईंसह १९४५ मध्ये कमरेवरच्या धोतीच्या कॅन्सरची नोंद केली. धोतर किंवा साडी एकाच जागी घट्ट बांधल्याने कातडी घासते, काळवंडते, सोलवटते, घाम आणि मळ साचतो, आणि अनेक वर्षांनी क्वचित कुणाला तिथे स्क्वॅमस सेल कार्सिनोमा हा त्वचेचा कॅन्सर होतो. खानोलकरांनी घडवलेल्या कर्करोग संशोधनाच्या परंपरेचा वारसा आज टाटा मेमोरियलचं खारघरमधलं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक पुढे नेतं आहे. पाम बीच रोडवरून जाणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, मला शंका आहे. साडीच्या काचावर सतत चिघळणारी, खाजणारी जागा असेल तर परकराच्या नाडीऐवजी रुंद पट्टा वापरा आणि गाठीची जागा बदलत राहा, हा सल्ला डॉक्टर देतात त्यामागे हे सगळं आहे.

बुरशी आणि कॅन्सर यांच्या नात्याचं माणसातलं एक उदाहरणही आहे, फक्त ते दुसऱ्या यीस्टचं आहे. जन्मजात दोषामुळे ज्यांचं आयएल-१७ चं काम कोलमडलेलं असतं, त्यांच्या तोंडात कॅन्डिडा लहानपणापासून ठाण मांडून बसते. अशा रुग्णांमध्ये पुढे तोंडाचा आणि अन्ननलिकेचा कॅन्सर नेहमीपेक्षा जास्त आढळतो. नीट पाहिलं तर इथे गणित उलटं आहे. आयएल-१७ कमी पडलं, बुरशी राहिली, दाह दुसऱ्या वाटांनी चालू राहिला. उत्तर कमी पडलं तरी धोका, थांबलं नाही तरी धोका.

दुसरी वाट: यीस्टची रसायनं

ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल मिळालं की मॅलसेझिया त्यापासून इंडोल गटातली अनेक रसायनं बनवते. त्यातली काही आपल्या पेशीतल्या एएचआर नावाच्या ग्राहकाला जाऊन चिकटतात. हे ग्राहक ओळखलं गेलं ते डायॉक्सिन या विषारी प्रदूषकामुळे, पण शरीरात त्याची रोजची कामंही आहेत. अतिनील किरणांना पेशी कसा प्रतिसाद देते, बिघडलेली पेशी मरते की तगते, यात त्याचा हात असतो. त्यामुळे २०११ मध्ये ग्रीसमधल्या संशोधकांनी प्रश्न विचारला: तेलकट त्वचेवर ही रसायनं सतत झिरपत असतील तर ती कॅन्सरला हातभार लावत असतील का? बेसल सेल कार्सिनोमा हा त्वचेचा आणखी एक कॅन्सर बहुतेक वेळा चेहऱ्यावर, नाकाच्या आसपास होतो आणि यीस्टची वस्तीही तिथेच दाट असते, असा त्यांचा एक मुद्दा होता.

हा मुद्दा मला अर्धाच पटतो. नाक आणि कपाळ तेलकट असतात तसेच ते दिवसभर उन्हातही असतात. दोन्ही एकाच जागी आल्यावर श्रेय कुणाला द्यायचं? छाती आणि पाठही तेलकट असते, पण कपड्याखाली असते. तिथे हा कॅन्सर चेहऱ्याच्या मानाने बराच कमी होतो. म्हणजे पारडं उन्हाकडेच झुकतं.

संशय कुठे अडतो

ऑस्ट्रेलियात, जिथे त्वचेचा कॅन्सर फार मोठ्या प्रमाणावर होतो, २०१८ मध्ये काही रुग्णांच्या त्वचेवरचे सूक्ष्मजीव बराच काळ तपासले गेले. कॅन्सरच्या आणि त्याआधीच्या खरखरीत डागांवर स्टॅफिलोकॉकस जास्त सापडला. मॅलसेझिया उलट शेजारच्या, डाग नसलेल्या त्वचेवर जास्त होती. याचा अर्थ ती निर्दोष आहे असा लगेच होत नाही. गाठ झाल्यावर तिथली तैलग्रंथींची घडी बदलते, तेल कमी होतं, यीस्ट उपाशी पडते. पण 'जिथे कॅन्सर तिथे यीस्ट' इतकं सोपं समीकरण यातून बाद होतं.

सोरायसिसचंही तसंच. त्यात आयएल-१७ प्रचंड वाढलेलं असतं, पेशी भराभर विभागतात, तरी सोरायसिसच्या चट्ट्यातच कॅन्सर उगवणं दुर्मीळ आहे. म्हणजे नुसतं आयएल-१७ पुरत नाही.

सर्वांत मोठी अडचण प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांची आहे. मूत्रपिंड किंवा यकृत बदललेल्यांना प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं जन्मभर घ्यावी लागतात. दाह हाच एकमेव गुन्हेगार असता तर यांना त्वचेचा कॅन्सर कमी व्हायला हवा होता. गोऱ्या कातडीच्या देशांत त्यांना स्क्वॅमस सेल कार्सिनोमा सर्वसामान्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होतो. कारण बिघडलेल्या पेशी शोधून मारण्याचं कामही प्रतिकारशक्तीच करते. २०१९ मध्ये बॉस्टनमधल्या संशोधकांनी तर दाखवलं की त्वचेवर मुकाट राहणाऱ्या काही पॅपिलोमा विषाणूंविरुद्ध तयार झालेल्या टी पेशी उंदरांना त्वचेच्या कॅन्सरपासून वाचवतात. त्वचेवरचा रहिवासी जीव आणि त्याला दिलेलं उत्तर, इथे दोन्ही मिळून फायद्याचे ठरले. प्रतिकारशक्ती वाढवणारा काढा किंवा गोळी घ्या, असं कुणी सांगितलं की कोणती प्रतिकारशक्ती, कुठल्या पेशींची, हे विचारायला हवं ते म्हणूनच.

स्वादुपिंडाच्या कॅन्सरचं प्रकरणही सांगायला हवं, कारण मॅलसेझियाचं नाव सर्वदूर पोचलं ते त्यामुळे. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या गटाने लिहिलं की ही यीस्ट स्वादुपिंडात पोचते आणि रक्तातल्या एका संरक्षक प्रथिनसाखळीला चेतवून गाठ वाढवते. बुरशीनाशक दिल्यावर उंदरांतल्या गाठी हळू वाढल्या. खूप गाजावाजा झाला. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने त्यातली मूळ माहिती पुन्हा तपासली तेव्हा स्वादुपिंडातल्या बुरशीचा दावा टिकताना दिसला नाही. ज्या जागी सूक्ष्मजीव अगदी थोडे असतात तिथे प्रयोगशाळेच्या हवेतून, हातांवरून आलेली यीस्टही नमुन्यात सापडू शकते, आणि मॅलसेझिया तर प्रत्येक संशोधकाच्याच अंगावर असते. सूक्ष्मजीवांचा कॅन्सरशी संबंध असूच शकत नाही असं मात्र नाही. जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सरकारक ठरवलं. पण तिथे पुरावा जमायला वर्षं गेली, आणि जीवाणू घालवल्यावर धोका कमी होतो हेही दिसलं. मॅलसेझियाबाबत तो दुसरा भाग अजून व्हायचा आहे.

आता आपल्यापुरतं. आपल्या कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरणांना बरंच अडवतं, म्हणून भारतात त्वचेचा कॅन्सर गोऱ्या देशांच्या मानाने खूप कमी आहे. शिबं आणि कोंडा यांवर उपचार करा ते खाजेसाठी आणि दिसण्यासाठी. कॅन्सर टाळण्यासाठी रोज बुरशीनाशक चोळायची गरज नाही. किटोकोनॅझोल किंवा सेलेनियम सल्फाइडचा शॅम्पू डॉक्टर सांगतील तसा, आणि सांगतील तितकेच दिवस. मेडिकलमधून परस्पर आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं मात्र लावू नका. ती खाज दाबतात, त्या जागेचा प्रतिकारही दाबतात, कातडी पातळ करतात आणि नायटा भलताच पसरवतात. शेजारणीला गुण आला म्हणून तिची ट्यूब आणून लावणं तर नकोच.

काळजी घ्यायची ती काही ठरावीक लोकांनी. जन्मतः रंगद्रव्य नसलेल्या, म्हणजे अल्बिनिझम असलेल्या मुलांना पहिल्या वर्षापासून पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी आणि सनस्क्रीन हवं. त्यांचा धोका खरा आणि मोठा आहे. जुना भाजल्याचा व्रण असलेल्यांनी त्यात नवी, न भरणारी जखम झाली तर ती मलमांवर रेंगाळत ठेवू नये. खाडीत मासेमारी करणारे, वाशीच्या बाजारात आणि रस्त्यांच्या कामांवर दिवसभर उन्हात असणारे यांनी चेहरा, कान आणि खालचा ओठ अधूनमधून आरशात पाहावा. चार-सहा आठवड्यांत न भरणारी जखम, पुन्हा पुन्हा खपली धरून रक्त येणारी जागा, चकचकीत काळसर कडेची गाठ, यातलं काही दिसलं तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवावं. कळव्याच्या शिवाजी रुग्णालयासारख्या सरकारी किंवा महापालिकेच्या रुग्णालयातही सुरुवात करता येते. डॉक्टर बायोप्सी करू म्हणाले तर घाबरू नका. जागा बधिर करून छोटासा तुकडा काढतात आणि बहुतेक वेळा त्याच दिवशी घरी सोडतात. सुई लागली की कॅन्सर पसरतो ही भीती अजून घराघरांत आहे, आणि तिच्यापायी लोक महिने घालवतात. त्वचेच्या गाठीच्या बायोप्सीने असं होत नाही.

आणि प्रत्यारोपण झालेल्यांनी औषधं स्वतःहून कमी करू नयेत, पण वर्षातून निदान एकदा सगळं अंग तपासून घ्यावं, टाळू आणि तळपायांसकट. आपल्याकडे मेलॅनोमा, म्हणजे त्वचेच्या रंगपेशींचा कॅन्सर, क्वचित होतो, पण होतो तेव्हा बरेचदा तळपायावर किंवा नखाखाली होतो, जिथे ना ऊन पोचतं ना आपली नजर.